बाटलीतलं आलं

क्लोन हा शब्द आमच्याकडच्या लोकांना मेंढीमुळे कळला. सत्त्याण्णव साली पेपरात तिचा फोटो आला आणि पानपट्टीवर उभे राहणारेही तज्ज्ञ झाले. मी त्याआधी तीन वर्षं हेच काम पगार घेऊन करत होते, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये, आणि मला कुणी चहालाही विचारलं नव्हतं. हे मी अजून विसरलेले नाही. मी सहसा काही विसरत नाही. ही माझ्यातली खोट आहे असं घरचे म्हणतात, आणि ते बरोबरच म्हणतात.

तसं पाहिलं तर शेतकरी हे काम कायमच करत आलाय. उसाची कांडी पुरा, द्राक्षाची काडी लावा, केळीचा मुनवा उचलून दुसरीकडे रोवा. येणारं झाड नवं नसतं, जुनंच पुढे चालू राहतं. आल्याचं तर विचारूच नका. आल्याला बी धरत नाही. गड्डा मोडायचा, डोळा बघून तुकडा घ्यायचा, मातीत दाबायचा. त्या तुकड्याला बेणं म्हणतात. आमच्या कोरेगाव तालुक्यात आज जे आलं आहे, ते पणजोबांच्या वेळच्या कुठल्यातरी गड्ड्याचा मोडत मोडत आलेला तुकडा आहे. त्यात आई-बापाची सरमिसळ नाही, म्हणून गुण जसाच्या तसा उतरतो. आणि रोगही जसाच्या तसा उतरतो, हे लोक सांगायला विसरतात.

आमच्या शेडमध्ये तेच काम बाटलीत चालायचं. कोंबाचं अगदी टोक घ्यायचं, जोंधळ्याच्या दाण्याएवढं. ते पाऱ्याच्या औषधात धुवायचं, गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटापुढे बसून स्पिरिटच्या दिव्यावर तापवलेल्या चिमट्याने उचलायचं आणि बाटलीतल्या खिरीवर ठेवायचं. खीर म्हणजे साखर, क्षार, वाढीची औषधं आणि घट्ट व्हायला आगर. झाडाच्या पेशीची गंमत अशी की ती काही विसरत नाही. पानात असो, कोंबात असो, सगळं झाड कसं करायचं ते तिला पाठ असतं; योग्य खाणं मिळालं की ती कामाला लागते. महिन्याभरात एका टोकाचे चार कोंब होतात. ते सोडवून चार बाटल्यांत टाकायचे. पुन्हा महिन्याने सोळा. फक्त एक अट: बाटलीत दुसरं काही शिरता कामा नये. बुरशीचा एक कण शिरला तरी साखरेवर तीच आधी माजते आणि झाड मरतं.

या कामावर आम्ही दोघी होतो. मी आणि माझी मैत्रीण. ती आटपाडीकडची, दुष्काळी भागातली, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तिच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, मेंढरं कमी करून शेती धरली होती, तरी शंभरेक डोकी अजून होती. विश्रामबागेत एका खोलीत आम्ही राहायचो. एक स्टोव्ह, एक आरसा, दोन ट्रंका. ती सांगायची, "आमचे दादा अंधारात नुसता हात फिरवून सांगत्यात कुठली मेंढी कुणाची ते. तोंड बघून तर शंभरातनं एक काढत्यात." मी म्हणायचे, बाई, तुझे दादा इथे आणून बसव, त्यांना बाटल्या ओळखू दे. ती हसायची. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. चिमटा धरला की थरथर नाही. मला तिचा अभिमान वाटायचा, आणि मी तो बोलूनही दाखवायचे. आज त्याचाच जास्त राग येतो.

आता आबांविषयी. आबा म्हणजे माझे वडील. आजोबांच्या पिढीनं छप्पन्न साली दीक्षा घेतली. धर्म बदलला, जमीन मात्र तीच राहिली: ओढ्याकाठची, पावसात पाणी धरणारी, वस्तीतल्या अकरा घरांच्या अकरा पट्ट्या. वरच्या अंगाला गावाची आल्याची शेतं, उताराची, निचऱ्याची. आमच्या पट्टीत आलं लावलं की श्रावणात पान टोकाकडून पिवळं पडायचं आणि हात लावला की झाड बुंध्यातून सुटून हातात यायचं. खाली गड्ड्याचा नुसता घाण वासाचा चिखल. त्यामुळे वस्तीनं आल्याचा नादच सोडलेला होता.

आबांनी सोडला नव्हता. एका पावसाळ्यात सगळा वाफा सडला आणि एक बुंधा उभा राहिला. आबांनी तो गड्डा वेगळा काढला. पुढच्या वर्षी मुद्दाम ओढ्याच्या अगदी कडेला लावला, जिथे बेडूकही कंटाळतील अशा जागी. तो राहिला. तिसऱ्या वर्षीही राहिला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी सुट्टीला घरी आले तेव्हा मला पट्टीवर नेलं आणि हळूच म्हणाले, "ह्याला पाणी बाधत न्हाई बघ. तीन पावसाळं बघितलं म्या."

"मग सांगा की लोकांना."

"सांगून काय? द्यायला पायजे. आन दोन पाट्या बेणं अकरा घरात वाटलं तर पसा पसा हातात यील. त्येवढ्यात कुनाचा वाफाबी भरायचा न्हाई. लोकं म्हन्तील, म्हातारा पसाभर आलं दिऊन मोठेपना करतोय."

मी तेवीस वर्षांची होते, पगार सुरू झालेला होता आणि बाटल्यांच्या जगात सगळंच शक्य दिसायचं. मी म्हटलं, "आबा, पसा कशाला? मी हजारो रोपं करून देते. घरटी वाफाभर द्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती रोपं माझ्या ओंजळीतच होती.

साहेबांची परवानगी काढली. साहेब म्हणाले, काम झाल्यावर उरलेल्या वेळात करा. पंच्याण्णवच्या जूनमध्ये आबांच्या गड्ड्याचे वीस कोंब आणले. मातीतून आलेला माल म्हणजे अंगावर बुरशी घेऊनच येणार, विसांतले सतरा गेले. उरलेल्या तिनांपासून पुन्हा सुरुवात केली. डिसेंबरपर्यंत चाळीस बाटल्या झाल्या होत्या. प्रत्येक बाटलीवर मी काचेवर लिहायच्या पेन्सिलीने 'आबा' असं लिहायचे, बाकीच्या मालावर नुसते आकडे असायचे. शेडमध्ये त्याच वेळी साध्या आल्याच्याही बाटल्या होत्या, कुणा बागाईतदाराच्या ऑर्डरच्या. त्या शेजारच्या रॅकवर.

मग मला कावीळ झाली. तीन आठवडे घरी पडून होते. जाताना मैत्रिणीला सांगितलं, माझ्या बाटल्या बदलायच्या आल्यात, नव्या बाटल्यांवर नाव लिहून ठेवलंय, तेवढं बघ. ती म्हणाली, "तू बरी हो आधी. मी हाय की."

परत आले तेव्हा चाळीसच्या चाळीस बाटल्या हिरव्यागार होत्या. एकीलाही बुरशी नाही. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठी मारली. शेडमधल्या सगळ्यांसमोर म्हटलं, ही नसती तर आमच्या आबांचं काय झालं असतं! साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे तिच्या हातावर ठेवले. तिनं एक पेढा खाल्ला आणि बाकीचे कपाटात ठेवून दिले. मला वाटलं, लाजली.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. एप्रिलपर्यंत रोपं वाढवली, मुळं आणली, बाटलीतून काढून सावलीत पिशव्यांत लावली. बाटलीतलं झाड फार लाडावलेलं असतं. हवा, ऊन, वारा त्याला हळूहळू दाखवावा लागतो. शहाण्णवच्या जूनसाठी दोन हजार रोपं तयार झाली. आणि इथे मी माझी चूक केली. ती माझीच आहे, मैत्रिणीच्या माथी मारता येणार नाही.

आबांकडे तोवर जुनं बेणं चार पाट्या झालं होतं. ते त्यांनी सावलीत खड्डा करून जपून ठेवलं होतं. मी एका रविवारी गेले आणि म्हटलं, हे आता लावायचं नाही.

"निम्मं तरी ऱ्हाऊ दे की," आबा म्हणाले. "नवं नव्या जागी, जुनं जुन्या जागी."

"आबा, जुन्या बेण्यावर रोग बसलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही. एका पट्टीत दोन्ही लावलं तर माझी स्वच्छ रोपंही नासतील. दवाखान्यातून आणलेलं पोर तुम्ही उकिरड्यावर झोपवणार का?"

पुस्तकाप्रमाणे माझं बरोबर होतं. सगळीकडे हेच शिकवतात. आबा बराच वेळ बेणं उलटंसुलटं करत बसले. मग म्हणाले, "तू शिकलीयास बाय. तू म्हनशील तसं." आठ दिवसांत त्या चारही पाट्या कोरेगावच्या बाजारात गेल्या. कुणीतरी चहात घातलं असेल, कुणी फोडणीला.

रोपं लावली त्या आठवड्यात विहारापुढं जयंतीच्या हिशेबाची बैठक होती. आबा सहसा बैठकीत बोलत नाहीत. त्या दिवशी उभे राहिले आणि म्हणाले, पुढच्या जयंतीला वस्तीतल्या प्रत्येक घराला वाफाभर बेणं, पाण्यात न सडणारं, आमच्या पोरीनं केलेलं. 

श्रावणात ओढा भरला आणि पट्टीत पाणी उभं राहिलं. मला किराणा दुकानातून फोन आला, "जरा यिऊन जा." आबांनी फोन केला म्हणजे काहीतरी झालं होतं. मी पोचले तेव्हा बांधावर आठ-दहा माणसं होती. दोन हजार रोपांपैकी निम्मी पिवळी, उरलेली होण्याच्या बेतात. आबा एकेक बुंधा उचलत होते आणि तो सुटून हातात येत होता. वास थेट रस्त्यापर्यंत येत होता.

वरच्या अंगाचा एक शेतकरी हसत म्हणाला, "काय वं, तुमचं आलं पव्हायला शिकल्यालं न्हाई व्हय?"

लोक हसले. आपल्या वस्तीतलेही एकदोघं हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली, आणि ती त्या माणसावर जायच्या ऐवजी भलतीकडे गेली. असं होण्याची दोन कारणं मला माहीत होती. बाटलीत पिढ्या वाढवताना कधी कधी झाड बदलतं, गुण हरवतो. म्हणजे दोष माझ्या कामाचा. किंवा मुळात आबांच्या आल्यात तो गुण नव्हताच, ते तीन वर्षं नशिबानं वाचलं. म्हणजे दोष आबांच्या नजरेचा. मी दुसरं कारण निवडलं. सगळ्यांसमोर, शिकलेल्या माणसाच्या आवाजात म्हटलं, "आबा, त्या आल्यात तसं काही नव्हतंच. त्या कोपऱ्यात पाणी कमी साचलं असेल. योगायोग होता तो."

आबांनी हातातला बुंधा खाली ठेवला, मान हलवली आणि म्हणाले, "आसंल." एवढंच.

सांगलीला परतल्यावर मी मैत्रिणीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. अख्खी संध्याकाळ रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत होती. म्हणाली, "अगं, आलंच ते. पुढच्या वर्षी दुसरं करू." मला वाटलं, जगात एक तरी माणूस माझ्या बाजूचं आहे.

मग ती मेंढी आली.

पेपर शेडमध्ये यायचा. मी फोटोसकट बातमी मोठ्याने वाचली, कारण त्या दिवशी साहेबही ऐकत होते आणि मला थोडा भाव खायचा होता. जनावराचं काम झाडासारखं सोपं नसतं, मी सांगितलं. मेंढीच्या कातडीच्या पेशीला आपण कातडी आहोत एवढंच आठवतं. सगळी मेंढी कशी करायची ते तिच्यात लिहिलेलं असतं, पण कुलूप घातलेलं. त्या लोकांनी एका मोठ्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली. दुसऱ्या मेंढीचं अंडं घेतलं आणि त्यातला गाभा काढून टाकला. रिकाम्या अंड्यात ती पेशी घालून विजेचा हलका झटका दिला. शेकडो वेळा केलं तेव्हा एकदा कुलूप उघडलं. मग ते तिसऱ्याच मेंढीच्या पोटात वाढवलं.

"पण ते त्याच मेंढीचं कशावरनं?" साहेबांनी विचारलं. "घोटाळा झाला नसेल कशावरून?"

"तोंडावरून," मी म्हटलं. "पोटात वाढवणारी काळ्या तोंडाची होती. पिल्लू पांढऱ्या तोंडाचं झालं. बघितल्याबरोबर कळलं."

मैत्रीण फोटोकडे बघत होती. एरवी मेंढीचा विषय निघाला की तिला थांबवावं लागायचं. त्या दिवशी ती बाटल्या धुवायला म्हणून उठून गेली.

पंधरा दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत, आबा शेडच्या दारात उभे. कोरेगावहून दोन एसट्या बदलून आले होते. मी घाबरलेच. म्हणाले, काही नाही, सगळी बरी आहेत. पायरीवर बसले. मैत्रीण त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. आबांनी टोपी काढली, खिशातून रुमाल काढला आणि सोडला. आत सुंठेचे चार तुकडे होते.

"तुझ्या आयनं वाळवल्याली," ते म्हणाले. "बाजारला न्ह्यायच्या आदी चार गड्डं काढून ठेवल्यालं तिनं. त्येच आलं हाय हे, आपलं. पेपरात वाचलं म्या. ती थोरली मेंढी मेलेली हुती म्हनं. तरीबी तिच्यातनं दुसरी काढली. व्हय?"

"हो, पण..."

"मग ह्येच्यातनं काढ. जयंती म्हयन्यावर आलीया. औंदा न्हाई जमलं तर न्हाई, म्होरल्या वर्साला दीन म्हनून सांगतो लोकास्नी. पर हाय म्हनून सांगता आलं पायजे."

तुकडे माझ्या हातावर होते, पांढुरके, टणक. मी सांगायला सुरुवात केली. मेंढी मेली होती, पण तिच्या पेशी जिवंत ठेवल्या होत्या, बर्फापेक्षा कितीतरी थंड जागी, झोपवल्यासारख्या. सगळं काम जिवंत पेशीवर चालतं. आईनं हे सोललंय, चुन्याच्या निवळीत बुडवलंय, उन्हात वाळवलंय. यात वास आहे, चव आहे, जीव नाही.

"एकबी पेशी न्हाई?"

"एकही नाही, आबा."

मागे कप फुटल्याचा आवाज आला. मैत्रीण आत गेली होती. मला वाटलं हातातून सटकला असेल. आबा म्हणाले, "बघ तिला, भाजलं का काय." म्हणून मी आत गेले.

ती मोठ्या कुकरापाशी उभी होती, ज्यात आम्ही खीर शिजवून निर्जंतुक करायचो. रडत होती. मी विचारलं भाजलं का, तर तिनं मान हलवली आणि एकदम सगळं सांगून टाकलं, एका दमात, जणू वर्षभर पाठ करून ठेवलं होतं.

मी काविळीने घरी असताना कुकर चालू असताना लाइट गेली. परत आली तेव्हा तिला वाटलं, शिजून झालंय. घड्याळ बघितलं नाही. त्या कच्च्या खिरीवर तिनं माझ्या चाळीसच्या चाळीस बाटल्यांतले कोंब हलवले, एकाच दिवशी. चौथ्या दिवशी सगळ्या बाटल्या दुधासारख्या झाल्या. एकही वाचली नाही. मग तिनं शेजारच्या रॅकवरच्या साध्या आल्याचे कोंब घेऊन चाळीस बाटल्या भरल्या.

"आणि नावं?" मी विचारलं. "बाटल्यांवर माझ्या हातचं 'आबा' होतं."

"बाटल्या धुताना तुझं पुसलं गेलं. मग मी लिहिलं. तुझ्यासारखं. दोन दिवस कागदावर गिरवलं."

 बाकी सगळं मी समजू शकले असते. लाइट जाते, माणूस चुकतं. पण दोन दिवस बसून माझं अक्षर गिरवलं, आणि मग माझ्या हातून पेढा घेतला.

"साहेबांनी काढून टाकलं असतं गं," ती म्हणाली. "काम गेलं असतं तर दादांनी त्याच महिन्यात लग्न लावलं असतं. आन मला वाटलं, आलं ते आलं. काय फरक पडतोय?"

"तुमच्या मेंढरात दुसरी मेंढी घालून दादांना ही तुमचीच म्हणून दिली असती, तर?"

"मेंढीला तोंड असतं," ती म्हणाली.

मी तिला मारलं नाही. मारायला हवं होतं असं मला अजून कधी कधी वाटतं. मी इतकंच विचारलं, श्रावणात मी तुझ्या मांडीवर रडत होते तेव्हा तुला माहीत होतं? ती खाली वाकून कपाचे तुकडे गोळा करू लागली. त्याच संध्याकाळी मी माझी ट्रंक उचलली आणि दुसरी खोली बघितली. पुढे दोन वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसून चिमटे चालवले आणि कामाशिवाय एक शब्द बोललो नाही. तिच्या लग्नाची पत्रिका आली, मी गेले नाही. लोक म्हणतात, इतक्या वर्षांचं कशाला धरून बसायचं. लोकांचं काय जातंय? मी धरून बसलेय.

आबांना घेऊन मी सांगली स्टँडवर आले.  बाकावर बसल्यावर सगळं सांगितलं, लाइट गेल्यापासून अक्षर गिरवण्यापर्यंत. सांगताना माझाच आवाज चढत होता. मला हवं होतं की आबांनी भडकावं. उठून कुपवाडला परत चला म्हणावं, तिच्या बापाला बोलवा म्हणावं. माझा राग मला एकटीला उचलत नव्हता.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक शब्द वेगळा करत विचारलं, "म्हंजे पट्टीत लावलं ती रोपं माज्या आल्याची न्हवतीच?"

"नाही."

"बाजारच्या आल्याची हुती?"

"हो, आबा."

"आन सडलं ते बाजारचं."

"हो."

ते ताठ बसले. "म्हंजे माजं आलं सडलं न्हाई."

मी म्हटलं, आबा, पण ते आता कुठेच नाही. बाटलीत मेलं, बाजारात गेलं. मी तुम्हाला ठेवू दिलं नाही. ते आता कुणालाही परत करता येणार नाही, आणि ते खरंच पाण्यात टिकणारं होतं का, हेही आता कुणाला तपासून बघता येणार नाही.

"खरं हाय," ते म्हणाले. "पर सडलं न्हाई." मग तितक्याच शांतपणे, "तू चारचौघांत म्हनलीस, त्यात तसलं काय न्हवतंच."

त्यात राग नव्हता. कुपवाडपासून मी मैत्रिणीचं नाव ओठावर तयार ठेवून आले होते, कुणाच्याही तोंडावर फेकायला. ते तिथेच राहिलं. कोंब तिनं बदलले होते. आबांना खोटं मी पाडलं होतं, तेही तिनं कबूल करायच्या कितीतरी आधी, कुणी विचारलं नसताना.

साताऱ्याची गाडी लागली. आबांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी राहिले, खिडकीशी, काहीतरी बोलावं म्हणून. पण ते शेजारच्या माणसाकडे वळले होते. ओळख ना पाळख, कुठलातरी पेन्शनर दिसत होता, मांडीवर पिशवी घेऊन बसलेला. आबा दोन्ही हातांनी त्याला गड्ड्याचा आकार दाखवत होते. "आवं, तीन पावसाळं पान्यात हुतं," मला ऐकू आलं. "सडलं न्हाई." तो माणूस मान डोलावत होता. गाडी सुटली तेव्हाही ते त्यालाच सांगत होते, आणि माझ्याकडे त्यांनी वळून पाहिलं नाही.